नेपोलियन खरंच बुटका होता का? उंची, छाती आणि भरतीचा इतिहास

ज्यांना कानात हेडफोन घालायला वेळ नाही, पण बसमध्ये उभ्या उभ्या वाचायला चालतं, त्यांच्यासाठी हे या भागाचं लिखित रूप. बोलताना माझी गाडी दोन-तीनदा भलतीकडे गेली होती, ती जरा रुळावर आणली आहे. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

एका आकड्यापासून सुरुवात करू. १६८. सैन्य भरतीची तयारी करणाऱ्या महाराष्ट्रातल्या पोराला हा आकडा झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो. १६८ सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेपाच फूट. पोलीस भरतीला १६५. आमच्याकडे पोरं या दोन-तीन सेंटिमीटरसाठी पहाटे उठून सिंगल बारला लोंबकळायची. मी कधी लोंबकळलो नाही. माझा हिशोब ५ फूट ४ इंचांवरच संपला होता.

आता नेपोलियन. १८२१ मध्ये सेंट हेलेना बेटावर तो वारला, शवविच्छेदन झालं, तेव्हा उंची नोंदवली गेली ५ फूट २ इंच आणि वर थोडी. झालं, जगाने ऐकलं: बुटका होता. पण हे फूट आणि इंच फ्रेंच होते. फ्रेंच इंच इंग्रजी इंचापेक्षा मोठा, सुमारे २.७ सेंटिमीटरचा. हिशोब केला की उत्तर येतं १६८ सेंटिमीटर आणि थोडं वर. म्हणजे नेपोलियन आपल्याकडच्या भरतीत पास झाला असता. काठावर, पण पास. त्या काळच्या फ्रान्समध्ये ही चांगली मध्यम उंची होती.

मग तो बुटका केला कोणी? इंचांच्या घोळाने थोडा, आणि इंग्लंडच्या व्यंगचित्रकारांनी पुष्कळ. जेम्स गिलरे हा त्यातला सगळ्यात वात्रट. १८०३ मध्ये, नेपोलियन इंग्लंडवर चालून येणार अशी धास्ती असताना, त्याने एक चित्र काढलं: इंग्लंडच्या राजाच्या तळहातावर उभा असलेला, बोटभर उंचीचा नेपोलियन, आणि राजा त्याला दुर्बिणीतून न्याहाळतोय. ज्याची भीती वाटते त्याला लहान करून हसायचं. दोनशे वर्षं झाली, चित्र विसरलं गेलं, बुटकेपणा मात्र चिकटला तो चिकटलाच.

याच्या उलटही होतं. पॉल विल्सन नावाच्या संशोधकाने १९६८ मध्ये ऑस्ट्रेलियात एक साधा प्रयोग केला. एकाच माणसाची वेगवेगळ्या वर्गांत ओळख करून दिली. एका वर्गाला सांगितलं हा विद्यार्थी आहे, दुसऱ्याला सांगितलं व्याख्याता आहे, आणखी एका वर्गाला सांगितलं केंब्रिजचा प्राध्यापक आहे. माणूस निघून गेल्यावर मुलांना त्याची उंची विचारली. हुद्दा चढत गेला तशी उंचीही चढत गेली. विद्यार्थ्यापासून प्राध्यापकापर्यंत सुमारे अडीच इंचांचा फरक! अलीकडचा, २०१४ चा आणखी एक प्रयोग कॅलिफोर्नियातल्या डॅनियल फेस्लर आणि कॉलिन होलब्रुक यांचा. जे पुरुष दुसऱ्याबरोबर पावलाला पाऊल मिळवून चालले, त्यांना नंतर फोटोतला चिडलेला माणूस कमी उंच आणि कमी ताकदीचा वाटला. आपण एका तालात असलो की समोरचा लहान दिसतो. ढोल पथकात वाजवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

इथवर ठीक आहे, गंमत आहे. पण हीच गोष्ट एका अख्ख्या जातीला, प्रांताला किंवा भाषेला लागू केली आणि तिच्यावर नोकऱ्या ठरवल्या तर? तेच झालं, आणि आपल्याकडेच झालं.

आधी आपली स्वतःची उंची बघू. इसवी सन ६४१ च्या आसपास ह्युएन त्संग हा चिनी प्रवासी दख्खनमध्ये आला. बदामीच्या चालुक्यांचा दुसरा पुलकेशी तेव्हा गादीवर होता, आणि त्याने उत्तरेच्या हर्षवर्धनाला नर्मदेच्या अलीकडे येऊ दिलं नव्हतं. ह्युएन त्संग इथल्या लोकांबद्दल काय लिहितो? उंच, स्वाभिमानी, उपकार न विसरणारे आणि अपमान तर अजिबात न विसरणारे. लढाईआधी सैनिक आणि हत्ती दोघांनाही दारू पाजतात, असंही लिहितो. आता बाराशे वर्षं पुढे या. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, पुण्यात पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचा वकील होता, पेशवाई बुडताना समोर होता, नंतर मुंबईचा गव्हर्नर झाला. त्याच्या १८४१ च्या इतिहासग्रंथात मराठे आहेत लहानखुरे, काटक, चिवट, कामसू.

पहिल्या वर्णनाच्या वेळी हे लोक जिंकणारे होते, दुसऱ्या वेळी हरलेले. बाराशे वर्षांत सरासरी खरोखर बदललेली असू शकते, मी नाही म्हणत नाही. पण दोघांपैकी कोणीही टेप घेऊन उभं राहिलेलं नव्हतं. दोघांनी पाहिलं होतं आणि ऐकलं होतं, एवढंच.

आणि हे फक्त परके करतात असं नाही. छत्रपती शिवाजी महाराजांबद्दल सुरतेच्या इंग्रज वखारीतल्या एस्कॅलियट नावाच्या पाद्र्याने १६६४ मध्ये, ज्यांनी महाराजांना पाहिलं होतं त्यांच्याकडून ऐकून लिहिलं: मध्यम उंची, ताठ, अत्यंत रेखीव बांधा. आता आपल्या डोळ्यांसमोरचं प्रतापगडाचं चित्र आठवा. १० नोव्हेंबर १६५९. त्यातला अफझलखान केवढा असतो? शामियान्याच्या छताला डोकं टेकेल एवढा. खान धिप्पाड होताच असं आपली परंपरा सांगते, पण कॅलेंडरपासून नाटकापर्यंत दर पिढीत तो थोडा वाढतच गेलाय. गिलरेने शत्रू लहान केला कारण शत्रू अजून हरायचा होता आणि लोकांची भीती घालवायची होती. आपण शत्रू मोठा केला कारण तो हरून झाला होता, आणि तो जितका मोठा तितका आपला विजय मोठा.

आता मुख्य गोष्ट. ईस्ट इंडिया कंपनीच्या तीन फौजा होत्या: बंगाल, मद्रास आणि मुंबई. बंगालच्या फौजेला उंचीचं भारी वेड. अवध आणि बिहारकडचे उंच, देखणे ब्राह्मण आणि राजपूत शिपाई, म्हणजे 'पुरबिये', हे त्यांचं भूषण. परेडला उभे केले की साहेब खूश. मुंबईच्या फौजेत सगळ्या जातींची सरमिसळ, माणसं तुलनेने ठेंगणी. बंगालचे अधिकारी त्यांना नाकं मुरडायचे. मग १८५७ झालं. बंगालच्या फौजेतले तेच उंच शिपाई उठले. आणि उंची एकदम बिनमहत्त्वाची झाली! पुरबिया आता लढाऊ राहिला नाही. 'लढाऊ जमाती' म्हणून नवी यादी तयार झाली, तिच्यात पंजाबचे शीख, पठाण, डोगरे. आणि सगळ्यांत वर कोण, तर नेपाळचे गोरखे, जे त्या सगळ्यांत ठेंगणे.

गोरख्यांचं प्रकरण मला फार आवडतं, कारण तिथे हे सगळं नाटक उघडं पडतं. १८१४ मध्ये देहराडूनजवळ नालापाणीच्या किल्ल्यावर बलभद्र कुँवरच्या मूठभर माणसांनी कंपनीच्या फौजेला महिनाभर झुंजवलं. इंग्रजांचा जनरल गिलेस्पी तिथेच मारला गेला. इंग्रजांनी नंतर तिथे आपल्या मेलेल्यांच्या शेजारी या शत्रूचंही स्मारक उभारलं. १८१५ पासून गोरखे इंग्रजांच्याच फौजेत भरती होऊ लागले. आणि त्यांचं ठेंगणेपण? ते आता 'आटोपशीर बांधा' झालं, 'डोंगरातल्या माणसाचा कणखरपणा' झालं. एखाद्या बंगाली किंवा मद्रासी माणसाची तेवढीच उंची असती तर तिलाच दुबळेपणा म्हटलं असतं. बंगाल्यांना मॅकॉलेने १८४१ मध्येच, वॉरन हेस्टिंग्जवरच्या निबंधात, नाजूक आणि मिळमिळीत ठरवून टाकलं होतं. तो परिच्छेद पुढे पिढ्यान्‌पिढ्या इंग्रज वाचत राहिले.

या विचाराला सरकारी शिक्का मिळाला लॉर्ड रॉबर्ट्सच्या काळात. १८८५ ते १८९३ हा माणूस हिंदुस्थानचा सरसेनापती होता. त्याचं मत अगदी स्पष्ट होतं: दक्षिणेकडचे आणि मुंबईकडचे शिपाई लांबलेल्या शांततेत मऊ पडलेत, रशियनांशी लढायचं तर उत्तरेची माणसं हवीत. मग भरतीसाठी हस्तपुस्तिका निघू लागल्या. गोरख्यांवर व्हॅन्सिटार्टची, मराठे आणि दख्खनी मुसलमानांवर १९०८ मध्ये बेथमची. कोणत्या जिल्ह्यातली, कोणत्या जातीची माणसं घ्यावीत, त्यांचा बांधा कसा, स्वभाव कसा. आजच्या भाषेत सांगायचं तर माणसांचा कॅटलॉग.

या कॅटलॉगमध्ये एक जात छापलीच गेली नाही. महार.

मुंबईच्या फौजेत महार शिपाई कंपनीच्या सुरुवातीच्या दिवसांपासून होते. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईनंतर तिथे जो स्तंभ उभारला, त्यावरच्या नावांमध्ये 'नाक' हा महारी प्रत्यय असलेली २२ नावं आहेत. डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ फौजेत सुभेदार. बाबासाहेबांचा १८९१ चा जन्मही महूच्या छावणीतला. आणि नेमकं त्याच सुमारास, १८९२-९३ च्या दरम्यान, महारांची भरती बंद झाली. दोन-तीन पिढ्या पगार, पेन्शन आणि शाळा देणारा दरवाजा लागला. कोकणातले निवृत्त फौजी गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये याविरुद्ध अर्ज तयार केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट लंडनच्या भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला. काही झालं नाही.

आता इथे थांबून एक हिशोब करू. १८७६ ते ७८ दख्खनमध्ये भीषण दुष्काळ होता. सोलापूर, अहमदनगर, विजापूर, साताऱ्याचा पूर्व भाग, सगळं होरपळलं. व्हाइसरॉयने पाठवलेला रिचर्ड टेंपल नावाचा अधिकारी होता, पुढे तोच मुंबईचा गव्हर्नर झाला. दुष्काळी कामावर दिवसभर खडी फोडणाऱ्या पुरुषाला जगायला किती धान्य लागतं, याचा त्याने आकडा काढला: दिवसाला एक पौंड. साडेचारशे ग्रॅम धान्य, आणि वर किरकोळ पैसे. लोकांनी कामं सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने तक्रारी लिहिल्या. त्या वर्षांत जी लेकरं रांगत होती, दुडूदुडू चालत होती, ती भरतीच्या वयाला कधी आली? १८९२ ते १८९५ च्या सुमारास. म्हणजे बरोबर तेव्हा, जेव्हा साहेब म्हणत होते की दख्खनच्या माणसात आता दम राहिला नाही.

साहेबांनी याचं कारण काय दिलं? रक्त. जात. हवामान. लांबलेली शांतता.

आणि याच साहेबाच्या घरी काय चाललं होतं ते ऐका. इंग्लंडच्या फौजेत भरतीसाठी किमान उंची १८८३ मध्ये ५ फूट ३ इंच केली, आणि १९०२ पर्यंत ती ५ फुटांवर आणावी लागली, कारण दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धासाठी शहरातली जी पोरं भरतीला येत होती ती खुरटलेली होती. मँचेस्टरमधून आलेल्यांपैकी बहुतेकांना परत पाठवावं लागलं अशा बातम्यांनी गहजब झाला. सरकारने समिती नेमली. १९०४ मध्ये तिचा अहवाल आला: वंश बिघडलेला नाही, पोरं उपाशी आहेत, घरं कोंदट आहेत, दूध मिळत नाही. १९०६ मध्ये शाळेत गरीब मुलांना जेवण देण्याचा कायदा झाला. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा तर ५ फूट ३ इंचांपेक्षा कमी उंचीच्या इंग्रज खाण कामगारांच्या खास पलटणी उभ्या केल्या. त्यांना नाव दिलं 'बँटम', म्हणजे लहान पण भांडखोर कोंबडा. किती लाडाने!

मला या सगळ्या इतिहासात खुपतं ते हेच. मँचेस्टरचा पोरगा बुटका निघाला तर त्याच्या पोटात काय गेलं ते विचारलं. माणदेशातला निघाला तर त्याचा बाप कोण ते विचारलं.

गरज पडली की मात्र नियम वितळतात. १९१७ मध्ये युद्धात माणसं कमी पडू लागली, तेव्हा 'मिळमिळीत' बंगाल्यांची ४९ वी पलटण उभी राहिली. कवी काझी नझरुल इस्लाम तिच्यातच होते. त्याच वर्षी महारांची १११ वी पलटण उभी राहिली. युद्ध संपलं, दोन्ही पलटणी मोडल्या. महारांना पुन्हा आत घ्यायला दुसरं महायुद्ध लागलं: १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट सुरू झाली.

आपल्या लोकांनी या मोजमापाला काय उत्तर दिलं, हाही एक मोठा विषय आहे. बऱ्याच जणांनी मोजपट्टी मान्य केली आणि अंग वाढवायला घेतलं. राजकोटच्या शाळेत शिकणाऱ्या मोहनदास गांधींच्या वर्गात कवी नर्मदचं एक कवन पोरांच्या तोंडी होतं. इंग्रज मांस खातो म्हणून उंच, आणि उंच म्हणून राज्यकर्ता, असा त्याचा मथितार्थ. त्या नादाने मोहनदासनेही चोरून मांस खाल्लं, वर्षभर अधूनमधून, आणि मग सोडलं. बंगालात आखाडे निघाले. आपल्याकडे अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. तालमी आपल्याकडे आधीपासूनच होत्या, पण आता दंड-बैठकांमध्ये देश शिरला. मला तालमींबद्दल प्रेम आहे, पण एक गोष्ट दिसते: 'आम्हीही मोठे होऊन दाखवतो' असं म्हणताना 'मोठा तोच शूर' हे साहेबाचं वाक्य आपण मान्यच केलेलं असतं.

दुसरं उत्तर होतं मोजपट्टीच तपासण्याचं. १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त हर्बर्ट रिस्ले याला नाकं मोजायची हौस होती. नाक जितकं रुंद तितकी जात खालची, असा त्याचा सिद्धांत. मालवणात जन्मलेले आणि पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवणारे गो. स. घुर्ये यांनी १९३२ च्या पुस्तकात तेच आकडे पुन्हा मांडले आणि दाखवलं की हे गणित उत्तर हिंदुस्थानाबाहेर जुळतच नाही. महाराष्ट्रात तर नाहीच. मग बाबासाहेबांनी १९४८ मध्ये, अस्पृश्य मुळात कोण होते या पुस्तकात, घुर्येंनी मांडलेले हे आकडे हातात घेतले आणि विचारलं: याच मापांनी ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, मग अस्पृश्यतेचं मूळ वंशात कसं?

त्याच्या बारा वर्षं आधी, १९३६ च्या जातिनिर्मूलनावरच्या भाषणातही त्यांनी उंचीचा मुद्दा काढला होता, आणि फार बोचरा काढला होता. जातीमुळे रक्त शुद्ध राहतं आणि संतती उत्तम निपजते असं तुम्ही म्हणता ना? मग हिंदू शरीराने एवढे खुजे का, दहातले नऊ लष्कराला नालायक का ठरतात? इंग्रजांची मोजपट्टी उचलली आणि ती सरळ जातीच्या अभिमानावर ठेवली. हे भाषण लाहोरला व्हायचं होतं. आयोजकांना मजकूर पेलला नाही, तेव्हा बाबासाहेबांनी ते स्वतः छापलं.

रक्ताच्या सिद्धांताचं पुढे काय झालं तेही थोडक्यात. १८९६ मध्ये आणि १९९६ मध्ये जन्मलेल्या दक्षिण कोरियन बायकांची तुलना केली तर शंभर वर्षांत सरासरी उंची २० सेंटिमीटरने वाढलेली दिसते. आज जगात सगळ्यात उंच असलेले डच लोक एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या बुटक्यांमध्ये मोजले जात. रक्त तेच, ताट बदललं.

आपल्या सैन्य भरतीत आजही प्रदेशानुसार वेगवेगळी उंची आहे: आपल्याकडे १६८, गोरख्यांना १५७. यामागे आज न्याय देण्याचाच हेतू आहे, डोंगरातल्या पोरांवर सपाटीचं माप लादू नये म्हणून. पण तक्त्यातली ती प्रदेशांची आणि जमातींची नावं वाचताना मला रॉबर्ट्सचा काळ आठवल्याशिवाय राहत नाही.

एक विनंती आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात कुणाचे आजोबा, पणजोबा फौजेत असतील. ट्रंकेत त्यांचे जुने सर्व्हिसचे कागद असतील तर बघा. त्यावर उंची, छाती, अंगावरची खूण आणि जात हे सगळं जवळजवळ एकाखाली एक लिहिलेलं सापडेल. फोटो नको पाठवायला, घरच्या माणसांचे तपशील जपून ठेवा. फक्त उंची आणि भरतीचं वर्ष, एवढंच व्हॉइस नोटमध्ये सांगा. महार रेजिमेंटवरचा पुढचा भाग मी त्यावरूनच सुरू करणार आहे.